३६ व्होल्टवरून ४८ व्होल्टवर: तीन फोर्कलिफ्टचं प्रकरण

गोदामात बॅटरीवर चालणाऱ्या नऊ फोर्कलिफ्ट होत्या. सहा ४८ व्होल्टच्या, तीन ३६ व्होल्टच्या. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. गाड्या जशा मिळत गेल्या तशा घेतल्या गेल्या. ४८ च्या सहा गाड्यांमागे आठ बॅटऱ्या होत्या, म्हणजे एक चार्जिंगला लागली की दुसरी चढवून गाडी पुढे चालायची. ३६ च्या तीन गाड्यांमागे मात्र तीनच बॅटऱ्या. बॅटरी उतरली की गाडी उभी. त्यातच ३६ च्या तीन चार्जरपैकी एक जळाला आणि तिन्ही बॅटऱ्या शिफ्ट संपायच्या दोन तास आधीच मान टाकू लागल्या.

प्रश्न आला तो असा: या तीन गाड्याही ४८ वर नेल्या तर सगळ्यांना एकच बॅटरी, एकच चार्जर, सुट्या भागांचं एकच कपाट. होईल का? इलेक्ट्रिकल मेन्टेनन्स माझ्याकडे असल्यामुळे उत्तर मला द्यायचं होतं. पहिल्या बैठकीत मी "बहुतेक होईल, बघून सांगतो" म्हणालो. शेवटी दोन गाड्यांना हो आणि एकीला नाही असं उत्तर निघालं. त्या दोन होकारांमध्येही माझ्या हातून एक चूक राहून गेली होती. ती इथे सविस्तर लिहितो आहे, कारण असं काम हाती घेणाऱ्या कुणाच्याही हातून ती सहज होऊ शकते.

गाड्यांना मी एक, दोन आणि तीन नंबर म्हणेन. एक आणि दोन एकाच मॉडेलच्या, १८०० किलो क्षमतेच्या, चालण्याला आणि (माल उचलण्यासाठी तेल ढकलणाऱ्या) पंपाला दोन्हीकडे एसी मोटर. तीन नंबर बरीच जुनी, डीसी सिरीज मोटरची, पंपाची मोटर थेट कॉन्टॅक्टरवर, म्हणजे विजेनं ओढल्या जाणाऱ्या मोठ्या स्विचवर, चालणारी.

आधी बॅटऱ्या खरंच गेल्या आहेत का?

व्होल्टेज बदलण्याचा विचार बहुतेक वेळा बॅटरी म्हातारी झाल्यावरच सुचतो, म्हणून आधी तेच तपासलं. तिन्ही बॅटऱ्या ७०० अँपिअर-तासांच्या, प्रत्येकी १८ सेलच्या (एक सेल साधारण दोन व्होल्टचा). पूर्ण चार्ज करून, ग्रॅव्हिटी (सेलमधल्या आम्लाची घनता) लिहून घेऊन, १४० अँपिअरचा कायम लोड लावला. नवीन बॅटरी या लोडवर पाच तास चालली पाहिजे. प्रत्येक सेलमागे १.७ व्होल्ट, म्हणजे एकूण ३०.६ व्होल्ट झाले की थांबायचं. सगळ्यात चांगली बॅटरी ३ तास ४० मिनिटं टिकली, म्हणजे क्षमता सुमारे ७३ टक्के. बाकी दोन त्याहून खाली. ट्रॅक्शन बॅटरी, म्हणजे गाडी चालवणारी बॅटरी, ८० टक्क्यांखाली गेली की तिचं आयुष्य संपलं असं धरतात.

या परीक्षेत दर अर्ध्या तासाला एकेका सेलचं व्होल्टेज मोजून वहीत लिहिलं होतं. ५४ सेल, प्रत्येकाचा एक रकाना. तेव्हा हे काम कंटाळवाणं वाटलं होतं. नंतर तीच वही तीन नंबरच्या कामी आली.

याच वेळी एक गोष्ट हाती लागली आणि अंगावर काटा आला. बॅटरीच्या मोठ्या दोन टोकांच्या कनेक्टरचे रंग ठरलेले असतात: ३६ ला राखाडी, ४८ ला निळा. नुसता रंग वेगळा नसतो, आतली खाचही वेगळी असते, म्हणून राखाडी आणि निळा एकमेकांत बसतच नाहीत. दोन नंबरची गाडी, तिची बॅटरी आणि तिचा चार्जर, तिन्हींना निळे कनेक्टर लावलेले होते. कधीतरी राखाडी मिळाला नसेल, हाताशी होता तो लावला असेल, आणि तिन्हीकडे एकसारखा लावल्यामुळे काम निर्वेध चालत राहिलं. पण याचा अर्थ असा की त्या ३६ व्होल्टच्या गाडीत कुणीही, कुठल्याही दिवशी, शेजारची ४८ ची बॅटरी ढकलून बिनबोभाट जोडू शकलं असतं. इतके दिवस तसं घडलं नाही, कारण बॅटऱ्यांच्या पेटीचं माप थोडं वेगळं होतं आणि ऑपरेटर आपापली बॅटरी ओळखत होते. एवढ्याच भरवशावर ती गाडी चालत होती. त्याच दिवशी त्या तिन्हींचे कनेक्टर राखाडी केले. तेव्हापासून कनेक्टरचा रंग बघून व्होल्टेज ठरवणं मी बंद केलं. टर्मिनलवर मीटर लावतो आणि सेल मोजतो.

वजनाचा हिशेब

व्होल्टेजचं बोलताना वजन मध्येच कुठून आलं, असं बैठकीत एकानं विचारलं. फोर्कलिफ्टमधली बॅटरी करंट देते तशीच ती गाडीला मागे खाली दाबून धरते. फोर्कवर माल, मागे काउंटरवेट (तोल राखणारं वजन) आणि बॅटरी, आणि मधे पुढच्या चाकांचा आस: हा तराजू आहे. म्हणून डेटा प्लेटवर, म्हणजे गाडीवर लावलेल्या माहितीच्या पट्टीवर, बॅटरीचं किमान आणि कमाल वजन छापलेलं असतं, आणि आयएसओ ३६९१-१ या मानकालाही ते तिथे असणं लागतं. कमाल आकडा आसासाठी आणि चौकटीसाठी. किमान आकडा गाडी पुढे कलंडू नये म्हणून.

एक आणि दोन नंबरच्या प्लेटवर किमान ९५० आणि कमाल १०९० किलो होतं. जुनी ३६ व्होल्टची बॅटरी ९८० किलोची. आमच्याकडची ४८ व्होल्ट, ५०० अँपिअर-तासांची बॅटरी ९०५ किलोची. किमान आकड्याला ४५ किलो कमी.

"४५ किलोनं काय होतंय, एवढी मोठी गाडी" हे वाक्य त्या आठवड्यात मी तीन जणांकडून ऐकलं. म्हणून हिशेब मांडून दाखवला. या गाडीत मालाचं केंद्र फोर्कच्या उभ्या बाजूपासून ६०० मिलिमीटरवर धरतात, आणि तिथून पुढचा आस आणखी ४२० मिलिमीटर मागे. म्हणजे माल आसापासून १.०२ मीटर पुढे. बॅटरीचं केंद्र आसाच्या साधारण ०.९ मीटर मागे. ४५ किलो गुणिले ०.९, भागिले १.०२: जवळपास ४० किलो. म्हणजे किमान वजन असलेल्या गाडीवर मालाच्या बाजूला ४० किलो जास्त ठेवल्यासारखं. हे ऐकून फार कुणी घाबरलं नाही. मग लिथियमचा विचार करणाऱ्यांसाठी दुसरा आकडा काढला. तेवढीच ऊर्जा देणारी लिथियम बॅटरी जर ४०० किलोनं हलकी निघाली आणि तशीच बसवली, तर हाच हिशेब ३५० किलोवर जातो. मास्ट (फोर्क वर नेणारा पुढचा खांब) वर गेलेला, माल वर, आणि ब्रेक जोरात लागला, की हा फरक कागदावर राहत नाही. लिथियम बॅटऱ्यांच्या पेटीत मुद्दाम लोखंड किंवा शिसं भरून येतं ते त्यासाठीच.

आमच्यासाठी उपाय सोपा होता: बॅटरीच्या कप्प्याच्या तळाशी ८० किलोच्या पोलादी पट्ट्या बोल्टनं घट्ट बसवायच्या. एकूण ९८५ किलो, म्हणजे जुन्या वजनाच्या अगदी जवळ. नवी पेटी लांबीला ४० मिलिमीटर आखूड होती, तेवढी जागा भरणारा ठोकळाही केला, कारण कप्प्यात बॅटरी सरकत राहिली तर वळणावर तिचा धक्का साध्या कुलपाला झेपत नाही.

भागांची यादी

इथे आम्ही चांगली सुरुवात केली होती. एक आणि दोन नंबरचं मॉडेल उत्पादक ३६ आणि ४८ अशा दोन्ही व्होल्टेजमध्ये बनवत असे. दोन्हींची पार्ट्स बुक मागवून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि पानोपान पार्ट नंबर जुळवत गेलो. जिथे नंबर वेगळा तिथे लाल खूण, जिथे तोच तिथे टिक.

मोटरचे नंबर तेच निघाले, कंट्रोलरचेही. कंट्रोलरच्या प्लेटवर ३६-४८ असंच छापलेलं होतं. एसी गाडीत कंट्रोलर बॅटरीच्या डीसीपासून तीन फेज तयार करतो आणि मोटरला किती करंट द्यायचा हे तोच ठरवतो. बॅटरीचं व्होल्टेज वाढलं म्हणून मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आपोआप वाढत नाही. करंटची मर्यादा तीच राहिली तर टॉर्कही तोच राहतो. फक्त तो टॉर्क जास्त वेगापर्यंत टिकतो. वेगाची मर्यादा सेटिंगमध्ये बांधलेली असेल तर ऑपरेटरला फरक जाणवतो तो चढावर.

लाल खुणा कुठे पडल्या? मेन कॉन्टॅक्टरची कॉइल, कंट्रोलरच्या कपॅसिटरना हळूहळू भरणारा प्रीचार्ज रेझिस्टर, मेन फ्यूज, कंट्रोलरचा पंखा, रिव्हर्सचा बझर, स्टिअरिंगचा छोटा कंट्रोलर, बॅटरी मीटर आणि अर्थात कनेक्टर. दिवे आणि हॉर्न डीसी-डीसी कन्व्हर्टरमागे १२ व्होल्टवर होते आणि कन्व्हर्टर दोन्ही व्होल्टेजला चालणारा होता, म्हणून ते तसेच.

कॉइलबद्दल थोडं सांगायला हवं. ३६ ची कॉइल ४८ वर लावली तर ती लगेच जळत नाही. ती खटकन ओढते, काम करते, आणि सगळ्यांना वाटतं जमलं. पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गानं वाढते: ४८ भागिले ३६ चा वर्ग, १.७८. म्हणजे पावणेदोनपटीहून थोडी जास्त उष्णता, तासन् तास. फ्यूजचंही तसंच. सगळे त्यावरचे अँपिअर बघतात, डीसी व्होल्ट क्वचितच कुणी बघतं. डीसीत ठिणगी एकदा पेटली की एसीसारखी शून्यावर येऊन विझत नाही. ती तोडायची ताकद फ्यूजमध्ये आणि कॉन्टॅक्टरच्या टोकांमधल्या फटीत असावी लागते. आमचा फ्यूज ८० व्होल्ट डीसीचा होता, तरी तो बदलला, कारण ४८ च्या पुस्तकात अँपिअर कमी होते आणि ते बरोबरच होतं. १२ किलोवॉट ओढायला ३६ व्होल्टवर ३३३ अँपिअर लागतात, ४८ वर २५०. जुनाच फ्यूज ठेवला असता तर तो गरजेपेक्षा उशिरा उडाला असता.

बॅटरी मीटरचं महत्त्व फार कमी जणांच्या लक्षात येतं. १८ सेलची पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत साधारण ३८ व्होल्ट दाखवते. २४ सेलची बॅटरी जवळजवळ रिकामी झाली तरी लोडखाली ४२ च्या आसपास असते. ३६ वर सेट असलेला मीटर ४८ च्या बॅटरीवर लावला तर तो शेवटच्या क्षणापर्यंत 'फुल' दाखवत राहील. ८० टक्के उतरल्यावर मास्ट वर जाणं थांबवणारं कुलूपही लागणार नाही. ऑपरेटर खूश, आणि बॅटरी काही महिन्यांत कायमची गेलेली.

हे सगळं लिहून, वजनाच्या हिशेबासह, उत्पादकाला पाठवलं आणि लेखी परवानगी मागितली. हे पत्र नुसती औपचारिकता म्हणून पाठवू नये. गाडीची क्षमता आणि सुरक्षितता ज्यामुळे बदलते असा बदल वापरणाऱ्यानं परस्पर करायचा नसतो, आणि अपघात झाला तर पहिला प्रश्न डेटा प्लेटचाच येतो. एक आणि दोन नंबरसाठी होकार आला: लोखंडी पट्ट्या त्यांच्या आकृतीप्रमाणे बसवायच्या, यादीतले भाग बदलायचे, आणि नवी डेटा प्लेट लावल्याशिवाय गाडी मालाखाली घालायची नाही. तीन नंबरसाठी एका ओळीत नकार आला.

एक नंबर: पहिला दिवस आणि चौथा दिवस

एक नंबरचं काम दोन दिवसांत झालं. केबलचे जुने लग (टोकाच्या धातूच्या कड्या) कापून नवे दाबून बसवले, कनेक्टर निळा केला, सर्व्हिस तंत्रज्ञानं कंट्रोलरमध्ये नाममात्र व्होल्टेज ४८ केलं आणि किमान-कमाल व्होल्टेजच्या मर्यादा बदलल्या. बॅटरी जोडण्याआधी सगळं पुन्हा एकदा मोजलं. पट्ट्या बसवलेल्या गाडीचं वजन काट्यावर घेतलं.

चाचण्यांत मला सगळ्यात जास्त काळजी होती ती उताराची. ब्रेक लावताना एसी मोटर जनरेटर होते आणि करंट बॅटरीत परत ढकलते. बॅटरी अर्धी असेल तर ती तो करंट मुकाट्यानं गिळते. पण नुकतीच चार्जरवरून काढलेली, काठोकाठ भरलेली बॅटरी तो घेत नाही. व्होल्टेज उसळतं आणि कंट्रोलरच्या कपॅसिटरवर येऊन बसतं. ३६ वर असताना या कंट्रोलरला वर बरीच मोकळी जागा होती, ४८ वर ती कमी झाली. म्हणून मुद्दाम पूर्ण चार्ज होताच, भरलेलं पॅलेट घेऊन, रॅम्पवरून गाडी खाली आणली. मीटर कंट्रोलरच्या टर्मिनलवर. आकडा ५८.९ पर्यंत चढला आणि कंट्रोलरनं ब्रेकिंगचा करंट स्वतःहून कमी केला, म्हणजे ६० च्या मर्यादेच्या आतच राहिला. पाच फेऱ्यांत तेच. पायाचा ब्रेक अर्थातच चांगला आहे ना, हे त्याआधीच बघितलेलं होतं.

उचलण्याचा वेग, वळणं, आणीबाणीचं बटण, सगळं ठीक निघालं. नवी प्लेट लागली. गाडी शिफ्टला दिली.

चौथ्या दिवशी ऑपरेटर गाडी बाजूला लावून माझ्याकडे आला. "साहेब, गाडी चांगली चालतेय, पण थांबल्यावर खालून जळकट वास येतोय. ब्रेक घासल्याचा नाही, वायरचा आहे." त्याचं नाक बरोबर होतं. फळी उचलून वाकलो तर पार्किंग ब्रेकच्या कॉइलवरचं वार्निश काळपट झालं होतं आणि कॉइलच्या कडेला मधासारखा एक थेंब ओघळून घट्ट झाला होता. तापमान मोजलं: ११२ अंश सेल्सियस, बाहेर ३२ असताना.

हा ब्रेक स्प्रिंगनं लागतो आणि कॉइलला वीज मिळाली की सुटतो. म्हणजे गाडी चालत असेपर्यंत कॉइल सतत चालू. आणि कॉइलचा पार्ट नंबर दोन्ही पुस्तकांत तोच होता, म्हणून आम्ही टिक केली होती. कॉइलवर स्पष्ट २४ व्होल्ट लिहिलेलं. मग जळतेय कशामुळे?

अर्धा तास मी वायरिंग शोधत राहिलो, कुठे शॉर्ट आहे का, ब्रेक अडकून जास्त करंट ओढतोय का. मग कॉइलच्या दोन टोकांवर मीटर लावला आणि उत्तर समोर आलं. या कॉइलला बॅटरी थेट मिळत नाही; कंट्रोलर व्होल्टेज तुकड्यातुकड्यांनी देऊन तिला हवं तेवढंच पोचवतो. आणि ते किती पोचवायचं हे सेटिंगमध्ये व्होल्टमध्ये लिहिलेलं नसून बॅटरीच्या टक्क्यांत लिहिलेलं होतं. ओढायला ६७ टक्के, धरून ठेवायला ४०. ३६ वर याचा अर्थ २४ आणि १४.४ व्होल्ट. आम्ही नाममात्र व्होल्टेज ४८ केलं आणि टक्के तसेच राहिले. आता कॉइलला ओढताना ३२ आणि धरताना १९.२ व्होल्ट मिळत होते. कॉइलचा रोध २४ ओहम. धरून ठेवताना आधी साडेआठ वॉट, आता पंधराच्या वर.

भाग तोच होता. त्याला मिळणारं व्होल्टेज बदललं होतं. आमची यादी भागांची होती, आणि यादी हवी होती ती तारांची. प्रत्येक तारेच्या टोकाला जाऊन विचारायला हवं होतं की इथे आता किती व्होल्ट पोचतात, आणि ते कोण ठरवतं: बॅटरी, कन्व्हर्टर, की सेटिंगमधला एखादा आकडा. पार्ट नंबर जुळला की डोळा पुढच्या ओळीवर जातो. माझा गेला. तंत्रज्ञानं सांगितलेलं केलं होतं. सांगायला मी विसरलो होतो. या ब्रेकची कॉइल पूर्ण जळली असती तर स्प्रिंगनं ब्रेक लागला असता, हे त्यातल्या त्यात बरं. पण मालासकट, चालत्या गाडीत, अचानक. त्या रॅम्पवर ते कसं दिसलं असतं याचा विचार मी नंतर बराच वेळ करत होतो.

टक्के ५० आणि ३० केले. कॉइल नवी बसवली, कारण तापलेल्या वार्निशवर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. दिवसभर काम केल्यावर तापमान ७८ अंश, जे ३६ वर चालणाऱ्या दोन नंबरवर मोजलेल्या आकड्याइतकंच होतं. मग कंट्रोलरचं प्रत्येक आउटपुट एकेक करून मोजलं. मेन कॉन्टॅक्टरच्या कॉइलसाठीही असाच टक्क्यांचा आकडा निघाला; तिथे कॉइल ४८ ची आणि टक्के आधीसारखेच योग्य, म्हणून तिथे काही घडलं नव्हतं. म्हणजे एकाच पानावरचे दोन आकडे, एक बदलायचा आणि एक ठेवायचा.

दोन नंबरला हे सगळं माहीत असल्यामुळे तिचं काम दीड दिवसात झालं आणि त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

चालते किती?

४८ वर गेल्यावर गाडी जास्त वेळ चालेल अशी ऑपरेटरांची आणि वरच्यांचीही समजूत होती. ती मी आधीच खोडून काढली होती, तरी ती पुन्हा पुन्हा वर येत राहिली. टाकीत किती आहे हे व्होल्ट आणि अँपिअर-तासांच्या गुणाकारात असतं. ३६ गुणिले ७०० म्हणजे २५.२ किलोवॉट-तास; ४८ गुणिले ५०० म्हणजे २४. टाकी थोडी लहानच झाली. करंट कमी झाल्यामुळे केबल आणि टोकांमधली गळती घटते, करंट तीन चतुर्थांश झाला की तिथली उष्णता जवळपास ५६ टक्क्यांवर येते, आणि केबलचे लग आता हाताला कोमट लागतात, पूर्वी चटका बसायचा. पण यानं फार तर टाकीतली तूट भरून निघते. गाड्या आता शिफ्ट पूर्ण करतात याचं कारण बॅटऱ्या धडधाकट आहेत. व्होल्टेजचं श्रेय त्यात नाही.

चार्जिंगच्या खोलीचाही प्रश्न निघाला होता: सेल वाढले म्हणजे हायड्रोजन वाढेल का? हायड्रोजन सेलची संख्या आणि चार्जच्या शेवटी वाहणारा करंट यांच्या गुणाकारावर ठरतो, आणि तो करंट अँपिअर-तासांच्या प्रमाणात असतो. १८ गुणिले ७०० आणि २४ गुणिले ५००, दुसरा आकडा थोडा कमीच. वायुवीजनाला हात लावावा लागला नाही. एक बदल मात्र केला. २४ सेलची बॅटरी चार्जच्या शेवटी ६३ व्होल्टच्या पुढे जाते, १८ ची ४८ च्या आसपास राहते. म्हणून उघड्या टर्मिनलवर हात आणि पाने (स्पॅनर) नेण्याचे नियम कडक केले, टोप्या लावल्या.

तीन नंबर

तीन नंबरचा ऑपरेटर गाडीवर जीव असलेला माणूस. दोन गाड्या झाल्यावर तो रोज विचारायचा, आमचा नंबर कधी. त्याला गाडी उघडूनच दाखवली.

या गाडीत पंपाची मोटर कॉन्टॅक्टरवर थेट बॅटरीला जोडलेली. मधे वेग बांधून ठेवणारं कुणीच नाही. व्होल्टेज तेहतीस टक्क्यांनी वाढलं की पंप साधारण तेवढ्यानं जास्त फिरणार, तेल तेवढ्यानं जास्त ढकलणार, मास्ट तेवढ्यानं झपाझप वर जाणार. दाब मालावर ठरतो, म्हणून करंट जवळजवळ तोच, पण व्होल्टेज जास्त, म्हणजे मोटर खात असलेली ताकदही एकतृतीयांशाने जास्त. थोडा वेळ चालून बराच वेळ थांबायच्या हिशेबानं बनवलेल्या मोटरला ते सोसत नाही. चालण्याची सिरीज मोटर आणखी वाईट. तिच्या कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश घासतात त्या तांब्याच्या कड्यावर, आताच काळ्या रेघा होत्या. ब्रशखालची ठिणगी जास्त व्होल्टेजला लांबते, आणि लोड कमी झाला की सिरीज मोटर वेग घेते. आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) किती वेगापर्यंत सांभाळेल हे उत्पादकच सांगू शकतो, आणि त्यानं नाही म्हटलं होतं. कंट्रोलर ३६ चाच, आतले कपॅसिटर ३६ च्या हिशेबाचे.

४८ च्या बॅटरीतून १८ सेलवर टॅप, म्हणजे मधूनच एक जोड, काढून ३६ घ्यायचे, अशी सूचना आली. यात ते १८ सेल उतरतात आणि उरलेले ६ भरलेलेच राहतात. मग एकत्र चार्ज करताना सहा सेल उकळतात आणि अठरा अर्धवट राहतात. थोड्या महिन्यांत २४ ही सेल खराब. सहा सेल काढूनच टाकले तर वजन चौथ्या भागानं जातं, आणि ३६ चा चार्जर तरी लागतोच. ४८ चे ३६ करणारा कन्व्हर्टर शेकडो अँपिअर पेलणारा हवा, आणि त्याला गाडीत जागाच नव्हती.

तेव्हा ती वही काढली. तिन्ही जुन्या बॅटऱ्यांचे सेल एकाच बनावटीचे, एकाच वयाचे होते. ५४ पैकी जे सेल शेवटच्या अर्ध्या तासातही व्होल्टेज धरून होते असे १८ निवडले, जुन्या पेटीत नव्या जोडपट्ट्यांनी बसवले, तीन वेळा चार्ज-डिस्चार्ज करून ग्रॅव्हिटी सारखी केली. १४० अँपिअरवर ही बॅटरी ४ तास १० मिनिटं टिकली, ८३ टक्के. वजन जुन्या बॅटरीइतकंच, त्यामुळे डेटा प्लेटला धक्का नाही. ही मलमपट्टी आहे, नवं आयुष्य नाही, हे सगळ्यांना सांगितलं. गाडी रॅम्पवरून काढून मागच्या शेडमध्ये हलक्या कामाला दिली.

गोदामात आता एकच ३६ व्होल्टची गाडी, एक बॅटरी, एक चार्जर आहे आणि एक चार्जर सुटा ठेवला आहे. चौघांनाही राखाडी कनेक्टर. उरलेले सगळे राखाडी कनेक्टर केबलसह कापून भंगारात दिले, आणि स्टोअरच्या कप्प्यात निळ्या कनेक्टरवर चिठ्ठी लावली आहे: मीटर लावल्याशिवाय घेऊ नये. एक आणि दोन नंबरच्या सीटखालच्या झाकणाच्या आत तारांची यादी लॅमिनेट करून चिकटवली आहे, प्रत्येक तारेपुढे किती व्होल्ट आणि ते कुठून ठरतात. ब्रेकच्या कॉइलची ओळ सगळ्यात वर आहे.